धरणात मासे भरपूर, मग नदीतले कुठे गेले?

धरणाचा आणि माशांचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, "अहो, धरणामुळे उलट मासे वाढतात. दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं सोडतात, टनावारी मासे निघतात." हे खरंही आहे. पण मग एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. एवढं अथांग पाणी आहे, त्यात मोठे झालेले मासे आहेत, तरी दरवर्षी नवं बीज बाहेरून आणून का सोडावं लागतं?

कारण रोहू, कटला, मृगळ हे मूळचे नदीचे मासे. साचलेल्या पाण्यात ते पोसले जातात, पण सहसा अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात नदी फुगते, पाणी गढूळ होतं, प्रवाहाला ओढ येते, काठची उथळ जमीन पाण्याखाली जाते, तेव्हा कुठे मादी अंडी सोडते. तळ्यात हे होत नाही म्हणून 1957 मध्ये ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशांना पीयूष ग्रंथीचा (मेंदूखालच्या, संप्रेरकं बनवणाऱ्या ग्रंथीचा) अर्क टोचून अंडी घालायला लावलं आणि भारतातल्या मत्स्यशेतीचं रूपच पालटलं. फार मोठं काम आहे ते. पण नदीचा पूर जे आपसूक करत होता, ते करायला माणसाला सुई हातात घ्यावी लागली, हेही त्यातून दिसतं. धरण नेमका तो पूरच अडवतं.

गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) या माशांचं अंडं बघा. चीनच्या यांगत्से नदीत हे मासे मूळचेच. अंडं पाण्यात पडलं की पाणी शोषून फुगतं, वाटाण्याएवढं होतं, काचेसारखं पारदर्शक. ते पाण्यापेक्षा किंचितच जड असतं. नदी वाहती असेल तर प्रवाहाच्या उसळीवर ते तरंगत राहतं, खाली खाली जात राहतं, आणि दीड-दोन दिवसांत त्या प्रवासातच पिल्लू बाहेर येतं. त्या पिल्लालाही लगेच पोहता येत नाही, आणखी काही दिवस तेही वाहतच जातं. म्हणजे या माशाला जन्मायलाच सलग वाहती नदी लागते, तीही लांबलचक. मध्ये जलाशय आला की पाणी मंदावतं, अंडं तळाला बसतं आणि गाळात गुदमरून मरतं. आई-बाप धडधाकट, पाणी स्वच्छ, अंडी लाखोंनी, आणि तरी पुढची पिढी नाही!

म्हणून धरणाचा प्रश्न "माशाला भिंत ओलांडता येत नाही" एवढ्यावर आटोपणं मला पटत नाही. भिंत आहेच. पश्चिम बंगालमध्ये गंगेवरचा फराक्का बंधारा 1975 मध्ये सुरू झाला. त्याआधी हिलसा समुद्रातून गंगेत चढून अलाहाबादपर्यंत आणि काही वेळा त्याच्याही वर जायचा. बंधाऱ्यानंतर वरच्या गंगेतून तो जवळजवळ दिसेनासा झाला. यांगत्सेवर 1981 मध्ये गेझोबा धरणाने नदी अडवली. माशांना वर जायला वाट ठेवलेली नव्हती. त्या नदीत वल्ह्यासारख्या लांब सोंडेचा एक प्रचंड मासा होता, चिनी पॅडलफिश. तो शेवटचा जिवंत दिसला 2003 मध्ये. 2022 मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. त्याला संपवण्यात बेसुमार मासेमारीचाही हात होता, पण खाली उरलेल्या माशांना अंडी घालायच्या जागेपर्यंत जाताच येत नव्हतं. कोट्यवधी वर्षांचा वंश होता हो तो. हे लिहितानाही वाईट वाटतं.

यावर उपाय म्हणून फिश लॅडर, म्हणजे माशांसाठीचा जिना पुढे केला जातो. सामन माशाचं ठीक आहे, तो जोरकस पोहतो, उड्या मारतो, आणि हे जिने मुळात त्याच्यासारख्यांसाठीच बेतले गेले. तळालगत सरपटणारे मांगूर जातीचे मासे, लहान चणीचे मासे, उडी न मारणारे मासे यांना त्या जिन्याचं तोंडसुद्धा सापडत नाही. बरं, चढला वर, पुढे काय? पुढे मैलोन्‌मैल साचलेलं पाणी. त्यातून परत खाली यायचं तर पिल्लांनी वाट कुणाला विचारायची? त्यांना आजवर प्रवाहच वाट दाखवत आला. ब्राझीलमधल्या काही धरणांवर संशोधकांनी हे जिने चक्क सापळे ठरवले आहेत. मासे वर जातात, त्यांची अंडी-पिल्लं खाली पोचत नाहीत, आणि खालच्या नदीतली पैदासही घटते.

खाली येणारे बरेच मासे वीज बनवणाऱ्या टर्बाइनमधून येतात. पात्यांचा मार तर लागतोच, पण न दिसणारी इजा दाबाची असते. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यावर तो पाण्यात तोल सांभाळतो. टर्बाइनमध्ये दाब क्षणार्धात उतरतो, ती पिशवी एकदम फुगते आणि फुटतेसुद्धा. वाम जातीच्या लांबट माशांना पात्यांचा धोका सगळ्यात जास्त. युरोपातली वाम अंडी घालायला नदीतून अटलांटिक महासागरात उतरते, म्हणजे वाटेत मरणारी ती ऐन विणीला निघालेली असते.

पाण्याच्या तापमानाचं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. मोठ्या जलाशयाच्या तळाचं पाणी उन्हाळ्यातही थंडगार असतं, आणि बऱ्याच धरणांतून खाली तेच सोडतात. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरण 1963 मध्ये झालं आणि उन्हाळ्यात छान तापणारी ती नदी खालच्या बाजूला वर्षभर गार राहू लागली. मूळच्या माशांची अंडी त्या गारठ्यात नीट वाढेनात. गाळाचंही तसंच. तो धरणात अडकला की खालची नदी नुसतं पाणी नेते, रेती-वाळू नेत नाही, आणि अंडी घालायची जागा खरवडून निघते. त्याचा फटका थेट समुद्रापर्यंत जातो. नाईलवर आस्वानचं उंच धरण झालं, पुराबरोबर येणारी पोषकद्रव्यं थांबली, आणि इजिप्तच्या किनाऱ्यावर 1962 मध्ये सुमारे 18 हजार टन निघणारा तारली जातीचा मासा दशक संपेपर्यंत हजार टनांच्याही खाली आला.

धरणं नकोतच, असं मी म्हणत नाही. पिण्याचं पाणी, शेती, वीज यांची गरज मला कळते. पण धरण चालवायच्या अनेक पद्धती असतात आणि त्यातली माशांना सगळ्यात मारक पद्धत आपण सोयीची म्हणून निवडतो, याचा राग येतो. संध्याकाळी विजेची मागणी वाढली की विसर्ग वाढवायचा, रात्री एकदम बंद करायचा. उथळ डबक्यांत अडकलेली पिल्लं सकाळपर्यंत मेलेली असतात. विसर्ग हळूहळू उतरवला तर यातली कितीतरी वाचतील.

आणि हे जमतं. यांगत्सेवरच्याच थ्री गॉर्जेस धरणातून 2011 पासून मे-जूनमध्ये मुद्दाम पाणी वाढवत नेऊन छोटा पूर आणला जातो, आणि त्या काळात नदीत वाहत येणारी माशांची अंडी वाढलेली मोजली गेली आहेत. अमेरिकेच्या क्लॅमथ नदीवरची चार जुनी धरणं 2024 पर्यंत पाडून झाली. काम संपल्यावर काही आठवड्यांतच सामन मासे शंभरहून अधिक वर्षं बंद असलेल्या भागात पोचले. कुणी बोटुकली सोडली नव्हती, ते आपले आपण चढले.

जगातल्या एक हजार किलोमीटरहून लांब असलेल्या नद्यांपैकी जेमतेम 37 टक्के आज उगमापासून मुखापर्यंत मोकळ्या वाहतात. त्यांच्यावर तरी नवी भिंत नको. जिथे धरण आहे तिथे पाणी कधी, किती आणि कोणत्या थरातलं सोडायचं हे ठरवणाऱ्या बैठकीत वीज आणि सिंचनवाल्यांबरोबर माशांच्या विणीचे महिने जाणणारा अभ्यासक हवा. धरणाच्या खालच्या अंगाला जाळं टाकणारा मच्छीमारही तिथे बसलेला हवा, आणि त्याचं म्हणणं इतिवृत्तात लिहिलं गेलं पाहिजे.