‘भिंतीला मावेल तेवढी मोठी व्हॅनिटी घ्या’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

गेल्या काही दिवसांत मला तीन वेगवेगळ्या लोकांनी एकच मेसेज पाठवलाय, बाथरूमची व्हॅनिटी (म्हणजे वर बेसिन असलेलं कॅबिनेट) कशी निवडावी त्याबद्दलचा. मुद्दे असे: भिंत मोजा आणि मावेल तेवढी मोठी घ्या, मोठी घेतली की सामान जास्त मावतं, घरात दोन माणसं असतील तर दोन बेसिन हवेतच, उंची आणि खोली कंपनीनेच ठरवून दिलेली असते त्यात डोकं घालू नका, आणि वर मोठ्या व्हॅनिटीने लहान बाथरूमही मोठं दिसतं. वाचायला छान आहे, पण मी स्वतः हे करून बसलोय म्हणून लिहावंसं वाटलं.

माझ्या बाथरूममध्ये भिंत 37 इंच होती, मी 36 ची व्हॅनिटी घेतली, मस्त मावली. मग उजवीकडचा ड्रॉवर उघडला तर चार बोटं बाहेर आला आणि दाराच्या चौकटीच्या पट्टीला खट्कन लागला. तेव्हापासून टूथपेस्ट मी दोन बोटं आत घालून चिमटीत धरून काढतो. भिंतीत मावली होती ना, बरोबर मोजलं होतं ना, हो, सगळं बरोबर होतं, फक्त ड्रॉवर उघडायला बाहेर येतो हे मोजलं नव्हतं.

तर पहिला मुद्दा, भिंतीला मावेल तेवढी. व्हॅनिटीचं माप भिंतीवर नाही, जमिनीवर ठरतं. तुम्ही तिच्यासमोर उभे राहणार, वाकणार, खालचं शटर (कॅबिनेटचं दार) उघडून मागे सरकणार, शेजारून कुणीतरी जाणार. अमेरिकेतल्या निवासी कोडमध्ये (घरांच्या बांधकामाच्या नियमांत) बेसिनसमोर किमान 21 इंच मोकळी जागा सांगितलीय, आणि तिथल्याच नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशनची शिफारस 30 इंचांची आहे. तुमच्याकडे तो कोड लागू असो नसो, माणसाचं शरीर सगळीकडे साधारण तेवढंच असतं. 21 मध्ये तुम्ही उभे राहाल पण ड्रॉवर उघडून उभे राहाल का ते बघा, कारण पूर्ण उघडणारा ड्रॉवर सहज 16-18 इंच बाहेर येतो आणि त्याच्या पलीकडे तुम्ही उभे असता.

आता भिंतीचाच हिशोब करू, कारण मेसेजवाल्यांना भिंत आवडते. समजा 8 फुटाची भिंत आहे, म्हणजे 96 इंच, आणि त्याच भिंतीला शॉवर, कमोड, व्हॅनिटी असं ओळीने बसवायचंय. शॉवरला 36 गेले, राहिले 60. कमोडच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना किमान 15-15 इंच लागतात, म्हणजे 30, राहिले 30. आणि निवांत बसायचं असेल तर 18-18 धरा (शिफारस तीच आहे), मग राहिले 24. आठ फुटी भिंतीवर 24 ची व्हॅनिटी! ऐकायला विचित्र वाटतं, पण 36 ची लावली तर कमोडवर बसल्यावर एक गुडघा कायम कॅबिनेटला टेकणार, आणि ते रोज, कितीतरी वर्षं.

आणखी एक, मोजायचं कधी ते. टाइल लावायच्या आधी घेतलेलं माप हे माप नाही, तो अंदाज आहे. टाइल आणि त्यामागचं ॲडहेसिव्ह धरलं की प्रत्येक भिंत अर्धा ते पाऊण इंच पुढे येते, दोन भिंतींच्या मध्ये व्हॅनिटी असेल तर एक-दीड इंच असाच गायब होतो. शिवाय भिंती गुण्यात (काटकोनात) असतात हा गैरसमज कुणी पसरवलाय मला माहीत नाही. जमिनीलगत, कमरेच्या उंचीवर आणि काउंटरच्या जरा वर अशी तीन ठिकाणी मोजा, सगळ्यात लहान आकडा धरा, आणि त्यातूनही अर्धा ते एक इंच सोडा. राहिलेली फट पट्टीने नाहीतर सिलिकॉनने झाकता येते, पण चार सूत जास्त निघालेल्या काउंटरला झाकता येत नाही, तो कापावा लागतो. आणि हो, ‘24 ची’ म्हणून विकतात ती कुणाकडे कॅबिनेट 24 आणि वरचा दगड 25 असते, कुणाकडे दगड 24 आणि कॅबिनेट त्याहून कमी. कशाचं माप सांगताय हे विचारा, लाजू नका.

दुसरा मुद्दा, मोठी म्हणजे सामान जास्त. हे अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं असलेलंच जास्त फसवतं. बेसिनच्या खाली सांडपाण्याचा वेस्ट पाइप आणि बॉटल ट्रॅप (वास अडवणारा बाटलीसारखा भाग) असतो, दोन अँगल कॉक (पाणी बंद करायचे छोटे नळ) असतात, त्यांचे पाइप लोंबत असतात, आणि ही सगळी मंडळी कॅबिनेटच्या बरोबर मधोमध राहायला येतात. म्हणून दोन शटरची 36 ची व्हॅनिटी उघडली की आत एक मोठी अंधारी पोकळी दिसते जिच्यात पुढे चार बाटल्या आणि मागे कधी ठेवली ते आठवत नसलेली पाचवी. बेसिनसमोर जो ड्रॉवर दिसतो तो तर बऱ्याचदा ड्रॉवरच नसतो, नुसती पट्टी असते, ओढून बघा. त्यापेक्षा 30 ची घ्या जिच्यात बेसिन एका बाजूला सरकवलंय आणि दुसऱ्या बाजूला वरपासून खालपर्यंत खरे ड्रॉवर आहेत, किंवा मधला ड्रॉवर ट्रॅपसाठी यू आकारात कापलेला आहे. अर्थात बेसिन सरकवलं की भिंतीतला वेस्टचा पॉइंट पण जुळायला हवा, म्हणून हे प्लंबरशी आधी बोला, टाइल बसल्यावर नाही. आणि छोट्या बाटल्या, ब्रश, औषधं यांना 4-5 इंच खोलीचं आरशाचं कपाट पुरतं, ते जमिनीचा एक इंचही खात नाही.

तिसरा, दोन माणसं म्हणून दोन बेसिन. बेरीज करा. बेसिनच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत किमान 15, दोन बेसिनच्या मध्यांमध्ये किमान 30, परत 15. झाले 60 इंच, आणि हे किमान आहे, म्हणजे दोघांनी ब्रश करताना कोपर सांभाळायचं. ऐसपैस हवं तर 20, 36, 20, म्हणजे 76. बाजारात 48 च्या डबल व्हॅनिटी मिळतात हे मान्य, पण 48 मध्ये दोन बेसिन बसवल्यावर साबण ठेवायला जागा कुठे उरते ते बघून या. वर दोन ट्रॅप, दोन नळ, चार अँगल कॉक, आणि आतलं स्टोरेज दोन्ही बाजूंनी खाल्लेलं. माझं मत विचाराल तर बहुतेक घरांत दोघांना एकाच वेळी दोन बेसिन लागत नाहीत, एकाच वेळी आरसा लागतो आणि सामान ठेवायला काउंटर लागतो. एक बेसिन आणि शेजारी 20-25 इंच मोकळा काउंटर, यात एक जण तोंड धुतो, दुसरा केस विंचरतो, भांडण नाही.

चौथा, उंचीत डोकं घालू नका. इथेच तर घालायचं असतं! पूर्वी 30-32 इंचांच्या व्हॅनिटी सर्रास मिळायच्या, आता 34 ते 36 च्या जास्त दिसतात, त्याला कम्फर्ट हाइट म्हणतात. कम्फर्ट कुणाचा ते मात्र लिहिलेलं नसतं. आणि मोजायची असते बेसिनच्या काठाची उंची, कॅबिनेटची नाही. वर ठेवायचं वाडग्यासारखं बेसिन घेतलं की 5 इंच आणखी चढतात, 34 ची व्हॅनिटी 39 ची होते. मग तोंड धुताना काय होतं माहितीये का, हात खांद्याच्या दिशेने वर धरावे लागतात आणि पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळत बाहीत जातं, आणि कोपरावरून थेंब थेंब जमिनीवर. रोज सकाळी लादी ओली, आणि घरातले सगळे एकमेकांना विचारतायत गळतंय कुठून. तसं बेसिन हवंच असेल तर कॅबिनेट 29-30 चं करून घ्या, काठ 34-35 वर येतो. व्हीलचेअर वापरणारं कुणी घरात असेल तर सगळं गणितच वेगळं, अमेरिकेच्या एडीए (अपंगांच्या सोयीसाठीच्या) मानकांत काठ 34 इंचांच्या वर नको आणि खाली गुडघ्यांसाठी 27 इंच उंचीची मोकळी जागा हवी असं आहे, म्हणजे खाली बंद कॅबिनेट चालतच नाही. मुलांसाठी मात्र उंची कमी करू नका, ती वाढतात, त्यांना स्टूल द्या.

खोलीचं पण तेच (खोली म्हणजे रूम नाही हो, पुढे-मागे माप). साधारण 21 असते हे खरं, पण 16 ते 18 च्या पण मिळतात आणि अरुंद बाथरूममध्ये त्या तीन-चार इंचांनी सगळा खेळ बदलतो, कारण खोलीतला प्रत्येक इंच थेट समोरच्या मोकळ्या जागेतून जातो. रुंदी कमी केली की तुमच्या वस्तू कमी होतात, खोली कमी केली की तुम्हाला उभं राहायला मिळतं, मला तरी दुसरा सौदा बरा वाटतो. फक्त नळ बघा, कमी खोलीच्या बेसिनला लांब चोचीचा नळ लावला तर पाणी पुढच्या काठावर आपटून पोटावर उडतं. भिंतीतून येणारा नळ घेतला तर मागची जागा पण वाचते.

पाचवा, मोठ्या व्हॅनिटीने बाथरूम मोठं दिसतं. नाही दिसत. जमीन किती दिसते त्यावर डोळा ठरवतो, म्हणून भिंतीला टांगलेली, खालून लादी दिसणारी व्हॅनिटी त्याच मापाची असूनही हलकी वाटते. टांगायची तर मागची भिंत वजन पेलणारी हवी, पोकळ विटा किंवा जिप्समची भिंत असेल तर आतून आधार आधीच द्यावा लागतो. एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यांची मानतो: मोठ्या, रिकाम्या भिंतीवर एकटी 24 ची व्हॅनिटी लावली तर ती कुणीतरी विसरून गेल्यासारखी दिसते. तिथे घ्या मोठी, जागा आहे ना.

आणि मेसेजमध्ये नसलेलं एक. घ्यायच्या आधी तेवढ्या मापाचा पुठ्ठा कापून जमिनीवर ठेवा, नाहीतर मास्किंग टेपने चौकोन आखा, ड्रॉवर उघडल्यावर कुठपर्यंत येईल ती रेघ पण मारा, आणि मग दोन दिवस तसेच वापरा बाथरूम. दार उघडा, कमोडवर बसा, रात्री झोपेत जाऊन बघा कुठे पाय पडतो ते. ती टेप मी मारली असती तर त्या चौकटीची पट्टी पहिल्याच दिवशी दिसली असती. आता ती पट्टी तासून घ्यायला सुताराला बोलावलंय, तो म्हणाला ड्रॉवर काढून उलट्या बाजूला लावता आला असता, पण ट्रॅप आडवा येतोय.