तोळाभर कशाला, खाणच काढा

अक्षय्य तृतीयेला तुम्ही सराफाच्या दुकानात घाम पुसत उभे राहता, घडणावळीवरून हुज्जत घालता आणि गुंजभर सोनं घेऊन घरी येता. अहो, सोनं विकत घेऊन कुणी श्रीमंत झालंय का? खाण काढा. ती कशी काढायची हे शिकायला कोलारला जा, बंगळूरपासून शंभरेक किलोमीटर. हो, तेच केजीएफ, म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्स. पडद्यावरची हाणामारी विसरा, खरा पराक्रम जमाखर्चाच्या वहीत झाला.

पहिली गोष्ट, सोनं स्वतः शोधायच्या भानगडीत पडू नका. ते कुठे आहे हे गावकऱ्यांना माहीत असतंच. 1799 मध्ये टिपू पडला आणि म्हैसूरच्या नव्या हद्दी आखायचं काम निघालं. त्या कामावरचा लेफ्टनंट जॉन वॉरन 1802 मध्ये इकडे आला, तेव्हा सोन्याची कुणकुण त्याच्या कानी आली. त्याने बक्षीस जाहीर केलं. झालं, गावकरी गाड्या भरून माती घेऊन हजर. त्याच्यादेखत माती धुतली, कण काढून दाखवले. अहवालावर नाव वॉरनचं. माती धुणाऱ्यांची नावं लिहायची म्हणजे शाई किती लागली असती, विचार करा.

अहवाल लिहून झाला की तो सत्तर वर्षं मुरू द्यावा. मग मायकेल लाव्हेल नावाचा निवृत्त आयरिश सैनिक न्यूझीलंडमध्ये तिथल्या मूळ रहिवाशांशी, माओरींशी, लढून बंगळूरच्या छावणीत येतो, जुनी मासिकं चाळतो आणि 1873 मध्ये म्हैसूर सरकारकडे खाणीचा परवाना मागतो. याच्याकडून शिकायचं ते हे, की पैसे संपायच्या आत हक्क विकून मोकळं व्हावं. खणत बसला असता तर विस्मरणात गेला असता. विकून गेला, म्हणून बंगळूरच्या उच्चभ्रू वस्तीत त्याच्या नावाचा रस्ता आहे.

1880 पासून लंडनच्या जॉन टेलर अँड सन्सने सूत्रं हाती घेतली, आणि पुढचे सगळे धडे त्यांच्याकडचेच. सुरुवातीला टनभर दगडामागे साडेचार तोळ्यांच्या पुढे सोनं निघायचं. अशा खाणीचे लाड करावेच लागतात. म्हणून 1902 मध्ये शिवनसमुद्रला कावेरीच्या पाण्यावर वीज तयार करून ती 92 मैल तारेवरून कोलारला आणली. तेवढ्या लांब वीज नेणं तेव्हा जगातही नवलाईचं होतं. बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागायला 1905 उजाडलं. खाणीचं आधी, माणसांचं मग, हा क्रम पाठ करून ठेवा.

साहेबांसाठी बंगले, क्लब, गोल्फचं मैदान. हवा थंड, त्यामुळे ‘छोटं इंग्लंड’ म्हणायची सोय. खाली उतरायला मात्र तामिळ मुलखातले, बहुतांशी उत्तर अर्काटकडचे दलित मजूर आणावेत आणि एका ओळीत झोपड्या बांधून द्याव्यात. त्या वस्तीला ‘लाइन’ म्हणतात. संडास कोरडेच ठेवा. विजेची तार 92 मैल येऊ शकते, पण म्हणून पाण्याचा नळ संडासापर्यंत यायलाच हवा असं थोडंच आहे? टोपलीने मैला उचलायला माणसं आहेतच की. इंग्रज गेले, खाणी सरकारी झाल्या, तरी ही परंपरा नव्वदच्या दशकापर्यंत नीट सांभाळली गेली. इथेच 1966 मध्ये सफाई कामगारांच्या घरात जन्मलेल्या बेझवाडा विल्सन यांनी त्यात मोडता घातला. पुढे 2016 मध्ये त्यांना मॅगसेसे मिळाला. शंभर वर्षांची घडी विस्कटली, आणि वर बक्षीस!

चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. तळाचा खडक साठ अंशांच्या पुढे तापलेला. दाब वाढला की तो बंदुकीच्या बारासारखा फुटायचा, खाली कोण आहे हे न बघता. जे यातून वाचले त्यांच्या छातीत दगडाची धूळ साठत गेली. सिलिकोसिस. आणि वर आल्यावर झडती, कारण सोन्याचा भरवसा देता येतो, मजुराचा नाही! 1930 मध्ये बोटांचे ठसे घ्यायची टूम निघाली, तर यांनी संप केला. स्वाभिमान वगैरे. एवढ्याशा गावाला स्वतंत्र पोलीस जिल्हा का मिळाला, हे आता कळलं असेल.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याच काळोखात उपकरणं मांडली आणि 1965 मध्ये वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो, म्हणजे जवळजवळ कशालाच न अडणारे सूक्ष्म कण, टिपले. याची टिंगल करायला मला जमत नाही. पुढे चला.

सव्वाशे वर्षांत आठशे टन, म्हणजे आठ कोटी तोळे उपसले, आणि टनामागे काही ग्रॅमच उरल्यावर 28 फेब्रुवारी 2001 ला टाळं लागलं. आवराआवर करताना सायनाइडने धुतलेल्या मातीच्या टेकड्या तशाच राहू द्या, तीन कोटी टनांहून जास्त आहेत, कोण हलवणार? पावसाळी वारा सुटला की त्यांची भुकटी पांढरी होऊन घराघरांत शिरते. दसऱ्याला आपण आपट्याची पानं सोनं म्हणून वाटतो, इथल्या लोकांना ते सोनं वारा घरपोच देतो.

माणसांची काळजी नको. खाण कामगारांची मुलं पहाटे मारिकुप्पमहून बंगळूरची गाडी पकडतात, रात्री परततात. दिवसाउजेडी घर न बघायची सवय त्यांना वडिलांपासूनच आहे.