सारमानसला बाबांबरोबर

रविवारी गोव्यातल्या पिळगावहून सारमानसपर्यंत चालत गेलो. बाबा, आम्ही दोघं आणि मुलं. एकीकडे खाजन शेतं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतं, दुसरीकडे मांडवी नदी. ओहोटी होती, मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारांतून, पाणी खळखळत नदीकडे चाललं होतं. मुलं तिथून हलेनात. भरतीला पाण्याच्या रेट्याने दारं आपोआप मिटतात आणि खारं पाणी शेतात शिरत नाही, हे बाबांनी दोन्ही पंजे जुळवून त्यांना दाखवलं.

बाबा तीस वर्षं बार्जवर, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट बोटीवर, तांडेल (बोट चालवणारे प्रमुख) होते. आमच्या डिचोली तालुक्यातलं लोहखनिज बार्जमधून मांडवीने मुरगाव बंदरात जायचं, तिथून जहाजाने जपानला. पावसाळ्यात आग्वादजवळ नदीच्या मुखाशी वाळू साचायची, मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत जायचं. रात्री, पाऊस कोसळत असताना, समोरून दुसरी बार्ज आली की काय व्हायचं ते बाबा सांगत होते. मी त्यांची मुलगी, पण हे पहिल्यांदाच ऐकत होते.

वाटेत धाकट्याने एक काळपट दगड उचलला. 'केवढा जड!' म्हणाला. बाबांनी तो सिमेंटच्या कठड्यावर घासला तर लालभडक रेघ उठली. मग काय, दोघांनी अख्खा कठडा रंगवला.

सप्टेंबर २०१२मध्ये खाणी बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या, तर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीज (भाडेपट्टे) रद्द केल्या. त्या दिवसांत आमच्या घरी काय चाललं होतं ते आठवलं तरी पोटात गोळा येतो. पण त्याच खाणीचा गाळ येऊन मामाचं शेत पडीक पडलं, हेही मी विसरलेले नाही. बार्जच्या पगारावर मी शिकले आणि मामी शेताच्या बांधावर बसून रडायची. मुलांना मी दोन्ही सांगते.

म्हणूनच मला कळकळीने वाटतं की सरकारने एक तरी बार्ज भंगारात जाऊ न देता इथे काठावर ठेवावी. आत तांडेल, खलाशी, ट्रकवाले यांच्या आठवणी असाव्यात, आणि गाळ आलेल्या शेतकऱ्यांच्याही. गोवा म्हणजे समुद्रकिनारा आणि देवळं-चर्चेस एवढंच आपण पाहुण्यांना दाखवतो. आमच्या तालुक्याची दोन-तीन पिढ्यांची मेहनत कुठेच दिसत नाही.

तुमच्या घरी बार्जवरचे फोटो, जुन्या वह्या असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका. आणि घरात कोणी तांडेल असतील तर त्यांना एकदा नदीवर घेऊन जा. बाबा परतताना काठावर थांबून बराच वेळ पाण्याकडे बघत होते, आम्ही कोणीच घाई केली नाही.