उडता सोनसर्प आणि माझं बोट

सकाळी चहाचा पहिला घोट घेतला आणि घरच्या ग्रुपवर मामेभावाचा व्हिडिओ आला. आमच्या दोडामार्गकडच्या आजोळचं खळं. मधोमध एक साप आणि त्याच्याभोवती काठ्या घेऊन चार धडधाकट बाप्ये. खाली ओळ, ‘उडतो साप गावलो!!’ त्याखाली अंगठ्यांची रांग. एका काकीने लिहिलंय, ‘बरा केल्यात, टाळयेर मारता तो.’

चहा गार झाला. आता लिहितोच.

टाळूवर मारतो म्हणे! म्हणजे हा वरून नेम धरणार, तुमची टाळू हेरणार आणि दाणकन आदळणार. हीच थाप हरणटोळ या दुसऱ्या सापाच्या नावावरही पिढ्यान्पिढ्या खपतेय. अरे, तुमच्या टाळूत या उडत्या सोनसर्पाला काय मिळणार आहे? त्याला पाल हवी, सरडा हवा, जमलं तर एखादं वटवाघूळ. निमविषारी साप तो. विषाचे दात जबड्यात पार मागे, आणि विष पाल लुळी पाडण्यापुरतं. माणसाचं त्याने काही वाईट होत नाही. पण चार जणांनी चार काठ्या घेतल्या. शाब्बास.

मी सहावीत असताना मे महिन्यात त्याच खळ्यात उभा होतो. समोरच्या माडावर काहीतरी सरकताना दिसलं. वेटोळं नाही, विळखा नाही, सरळसोट खोडावर तो सरळ वर चढत होता. त्याच्या पोटाच्या खवल्यांना दोन्ही कडांना धार असते, इस्त्रीच्या घडीसारखी. ती खोडाच्या खडबडीत अडकवत चढतो, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा फक्त तोंड उघडं राहिलं होतं. काळी-पिवळसर हिरवी जाळी, आणि पाठीवर मधे मधे अबोलीच्या रंगाचे ठिपके. शेंड्याला पोचला, झावळीवरून पुढचं अंग खाली सोडलं, गळासारखा बाक दिला आणि सुटला!

आधी धोंड्यासारखा खाली आला. मग अंग एकदम चपटं झालं, रिबिनीसारखं, आणि तो हवेत पोहायला लागला. खरंच पोहत होता, डावीकडे-उजवीकडे लाटा काढत. गोठ्याच्या छपरावर, नळ्यांच्या कौलांवर उतरला.

मी ओरडलो, ‘मामा, साप!’ आणि बोट दाखवलं.

पुढचं सांगायला नको. आजच्या व्हिडिओत आहे तेच.

म्हणजे मामेभावावर ओरडायचा मला काय अधिकार, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, हा चाळिशीचा आहे आणि याच्या हातात इंटरनेट आहे!

बरं, ‘उडतो’ हेही अर्धंच खरं. तो पंख मारून वर जात नाही, उंचावरून तरंगत खाली येतो. पण ते तरंगणं काय साधं आहे? डोक्यामागपासून शेपटीच्या सुरुवातीपर्यंतच्या बरगड्या फाकवतो, अंग जवळजवळ दुप्पट रुंद होतं आणि खालून खोलगट. याचा आग्नेय आशियातला एक भाऊबंद आहे, त्याच्यावर जेक सोचा नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं काम केलंय. २००२ साली त्याचा अभ्यास ‘नेचर’मध्ये आला. पुढे व्हर्जिनिया टेक विद्यापीठात चार मजली उंच नाट्यगृहात सापांना आठ-साडेआठ मीटरवरून उड्या मारायला लावल्या, २३ कॅमेरे लावून. २०२० साली निष्कर्ष आला : ते वळवळणं शोभेचं नाही. त्या लाटा नसतील तर साप हवेत कलंडेल. आपला सोनसर्प त्या भावाइतका पट्टीचा तरंगणारा नाही, हे कबूल. पण तिकडे एका उडीसाठी २३ कॅमेरे, आणि आपल्याकडे चार काठ्या. तीच उडी मी फुकटात पाहिली होती, एकट्याने. आणि बोट दाखवलं.

हो, कोकणात फुरशाने माणसं जातात. अंधारात पायाखाली काय आलं ते कुणी पुस्तक उघडून ओळखत बसत नाही. मान्य. पण हा दिवसा फिरणारा साप आणि व्हिडिओ लख्ख उजेडातला. सर्पमित्र येईपर्यंत तो पसार झाला असता, असं भाऊ मघाशी फोनवर म्हणाला. मग होऊ द्यायचा ना! पसार झालेल्या सापाचा कुणाला काय त्रास?

फोनवर जरा जास्तच बोललो त्याला. तो गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘अरे, पोरां खेळत होती खळ्यात. माका भिया वाटला.’ यावर मला काही सुचलं नाही. मामालाही भीतीच वाटली असणार. त्या दिवशी त्याने माझ्या पाठीवर थाप मारली होती, ‘पोराची नजर बरी हा’ म्हणून, आणि आजीने काप्या फणसाचे गरे दिले होते, इतरांपेक्षा दोन जास्त. मी ते खाल्ले. काठीवर लटकलेल्या सापाचे ठिपके अजून तसेच अबोली होते आणि मी गरे खात बघत होतो.

दुपारी तो व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी आवाज मोठा करून. अगदी शेवटी, काठ्या थांबल्यावर, भावाच्या धाकट्याचा आवाज येतो : ‘बाबा, ह्यो उडता ना? मगे उडलो कित्याक नाय?’

कुणीच उत्तर देत नाही. व्हिडिओ तिथेच संपतो.

बाबू, जमिनीवरून नाही रे उडता येत त्याला. आधी माडावर चढावं लागतं.