हायड्रोजेलची पट्टी लावून वाळूमाशीचा फोड बरा होतो?

सध्या फिरणारा दावा असा: ‘वाळूमाशी चावून होणाऱ्या त्वचेच्या लीशमॅनियासिसवर हायड्रोजेलची पट्टी चिकटवा. फोड 3 आठवड्यांत बरा, इंजेक्शन नको, अपाय तर नाहीच. खरजेवरही चालते.’ बिकानेरहून किंवा आखातातून न भरणारा फोड घेऊन परतलेल्याला हे वाचून हायसे वाटेल. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘जेल परजीवी मारते.’ नाही. साधे हायड्रोजेल म्हणजे बहुतांश पाणी आणि ते धरून ठेवणारे पॉलिमरचे जाळे. कोरडी जखम ओलसर ठेवणे, खपली मऊ करणे एवढेच त्याचे काम. या रोगाचा परजीवी लीशमॅनिया मात्र त्वचेच्या आतल्या थरात, आपल्याच मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींच्या पोटात वाढत असतो.

‘मग औषध घातलेले जेल वापरू.’ ही कल्पना चांगली आहे आणि प्रयोगशाळांत तिच्यावर काम चालू आहे. पण अडचण रेणूच्या आकाराची. साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) मोठा रेणू धड त्वचेतून सहज आत शिरत नाही. या रोगावरचे एक औषध, अँफोटेरिसिन बी, आहे 924 डाल्टनचे, वर पाण्यात जवळजवळ न विरघळणारे. उघड्या व्रणात हा अडसर नसतो हे खरे, पण परजीवी व्रणाच्या फुगीर कडेतही असतात आणि तिथे त्वचा शाबूत असते. न फुटलेल्या गाठीवर तर जेल नुसते वर बसून राहते.

‘20 दिवसांत 81 टक्के बरे झाले.’ हा आकडा खरा, पण तो भलत्याच औषधाचा. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युनिशियातल्या चाचणीत 375 रुग्ण होते. त्यात 15 टक्के पॅरोमोमायसिन आणि 0.5 टक्का जेंटामायसिनचे क्रीम रोज एकदा, 20 दिवस लावले, हायड्रोजेल नव्हे. फोड उलटला नाही ना, हे 168 व्या दिवसापर्यंत पाहिले. आणि मुख्य म्हणजे, औषधाविना नुसते क्रीम लावलेल्यांतही 58 टक्के बरे झाले! तिथल्या लीशमॅनिया मेजर या जातीचा फोड बहुधा काही महिन्यांत आपोआप भरतो. बिकानेरकडच्या लीशमॅनिया ट्रॉपिका या जातीचा फोड वर्षभरही रेंगाळतो. एकाचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही.

‘खरजेवरही चालते.’ खरजेचे किडे अंगभर पसरलेले असतात. त्यावर 5 टक्के परमेथ्रिन मानेपासून तळपायापर्यंत, 8 ते 14 तास. आठवड्याने पुन्हा, आणि घरातल्या सर्वांना एकाच वेळी. टीचभर पट्टीने काय होणार?

‘अपाय नाही.’ वाहत्या व्रणावर जेल लावले की कडा भिजून पांढऱ्या पडतात, जखम रुंदावते. पू किंवा दुर्गंधी असेल तर बंद पट्टीखाली जिवाणूंचे फावते. जेल लावायचेच तर कोरड्या, खपलीच्या व्रणावर: सलाईनने धुवा, फक्त व्रणाच्या आत पातळ थर द्या, वर गॉज बांधा आणि 1 ते 3 दिवसांनी बदला.

त्याआधी निदान हवे. व्रणाच्या कडेतून खरवडून घेतलेला नमुना गिम्सा नावाचा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. लहान आणि मोजकेच फोड असतील तर सोडियम स्टिबोग्लुकोनेट हे औषध फोडाच्या कडेत, ती पांढरी पडेपर्यंत टोचतात. 3 ते 7 दिवसांच्या अंतराने, काही वेळा. दुखते, हे खरे. फोड बरेच असतील, चेहऱ्यावर वा सांध्यावर असतील किंवा प्रतिकारशक्ती खालावलेली असेल, तर पोटातून किंवा शिरेतून औषध द्यावे लागू शकते. जेलची पट्टी यातल्या कशाचीच जागा घेत नाही. फार तर टोचल्यानंतर कोरड्या व्रणावर तिला जागा आहे.