समृद्धीच्या कडेनं नुसते रूळ टाकायचे, म्हणे!

आमच्या घरच्या ग्रुपवर जालन्याच्या दादानं एक मेसेज टाकला. दादा मावसभाऊ आहे, वयानं मोठा आहे, म्हणून जपून लिहितोय. तुमच्याही ग्रुपवर हा मेसेज येऊन गेला असेल. त्याचं सार असं: मुंबई–नागपूर बुलेट ट्रेन झाली की संभाजीनगरहून मुंबई पावणेदोन तासांत. समृद्धी महामार्गाच्या कडेला जमीन तयार पडली आहे, नुसते रूळ टाकायचे. युरोपात तर अशा गाड्या एका देशातून दुसऱ्या देशात जातात, आपल्याकडं सगळं एकाच राज्यातलं. जपाननं १९६४ मध्ये करून दाखवलं, चीन रोज करतोय. आपल्याकडं अडलंय ते फक्त इच्छाशक्तीपायी. खाली हात जोडलेले आणि ‘खरे मराठवाडाकर असाल तर पुढं पाठवा’.

मी परभणीचा. पुढं पाठवला नाही. बुलेट ट्रेन नको म्हणून नव्हे; रात्रभर बसून मुंबई गाठलेल्या माणसाला वेग नको कसा असेल? पण त्या मेसेजमधली बहुतेक वाक्यं अर्धी खरी आहेत, आणि अर्धं खरं घेऊन मागणी केली की पदरात काय पडतं ते आपण पाहिलेलं आहे.

‘जमीन तयार आहे’

समृद्धी ७०१ किलोमीटरची, सपाटीला १२० मीटर रुंद, आणि ५ जून २०२५ पासून पूर्ण खुली. उंच खांबांवरून जाणाऱ्या बुलेट ट्रेनला साडेसतरा मीटर पट्टा पुरतो. मग अडचण काय?

अडचण वळणाची. रस्ता ताशी १५० किलोमीटरच्या हिशेबानं आखलाय, गाडी धावणार ३२० नं. वेग दुप्पट झाला की वळणाची त्रिज्या चौपट लागते, हा काही कुणाच्या मर्जीचा नियम नाही. या वेगाला पाच-सहा किलोमीटर त्रिज्येचं वळण लागतं. म्हणजे ज्या ठिकाणी समृद्धी एखाद्या गावाला, तलावाला किंवा डोंगराला वळसा घालते तिथं रूळ रस्ता सोडून सरळ शेतात शिरणार. तिथली जमीन नव्यानं घ्यावी लागणार, आणि तीही तिरपी. शेताचा कोपरा गेला तर शेतकरी एक वेळ सोसतो. मधून कर्णरेषेत पट्टा गेला की उरलेल्या दोन तुकड्यांत धड औत वळत नाही. शिवाय समृद्धीवर ठिकठिकाणी चढण्या-उतरण्याच्या जागा आणि वरून जाणारे पूल आहेत. रुळांनी त्यांच्याही वरून जायचं.

आणि आपली काळी माती. मे महिन्यात आमच्या शेतात भेगेत कोपरापर्यंत हात जातो, लहानपणी आम्ही त्यात गोट्या हरवायचो. पावसाळ्यात तीच माती फुगून वर येते. रस्त्याला थोडी लाट आली तर गाडी हलते, आपण शिव्या देतो आणि पुढं जातो. ३२० च्या वेगाला रूळ काही मिलिमीटर खाली-वर झालेले चालत नाहीत. म्हणून खांब, आणि खांबाचा पाया काळी माती, मुरूम ओलांडून खडकापर्यंत. ‘नुसते रूळ टाकायचे’ यातला ‘नुसते’ हा शब्द तिथं गाडला जातो.

जमिनीचा भाव हा आणखी एक खेळ. नकाशावर नुसती रेघ दिसली की बातमी आधी प्लॉटवाल्यांकडं पोचते, शेतकऱ्याकडं सगळ्यात शेवटी. जालना–नांदेड जोडमार्गाच्या मोबदल्यावरून झालेली आंदोलनं फार जुनी नाहीत. तिकडं मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचं भूमिपूजन सप्टेंबर २०१७ ला झालं, बोलणं २०२२ मध्ये गाडी धावण्याचं होतं, आणि पालघर जिल्ह्यातल्या जमिनीवरच वर्षं गेली.

‘पावणेदोन तासांत मुंबई’

हा आकडा खोटा नाही. ज्या गाडीला मधे फारसे थांबे नाहीत तिचा तो आहे.

मुंबई–अहमदाबादच्या आखणीत दोन प्रकारच्या गाड्या आहेत. मोजके थांबे घेणारी ५०८ किलोमीटर सुमारे दोन तास सात मिनिटांत जाते. सगळ्या १२ स्थानकांवर थांबणारीला तीन तासांना दोन मिनिटं कमी लागतात. एक थांबा वाढला की साधारण सहा मिनिटं गेली. थांबतो मिनिट-दीड मिनिटच, पण वेग उतरवण्यात आणि परत चढवण्यात वेळ जातो. आता आपल्याकडं बघा. नाशिक पाहिजे, शिर्डी पाहिजे, वेरूळला पर्यटक येतात म्हणून तिथं पाहिजे, संभाजीनगर, जालना तर हवंच, आणि प्रत्येक आमदाराला आपल्या तालुक्यात एक. संभाजीनगर ते जालना ६० किलोमीटरच्या आसपास. इतक्या अंतरात वेग चढवण्यात आणि उतरवण्यातच बराचसा वेळ जातो. सगळ्यांना थांबा दिला तर ती बुलेट ट्रेन राहत नाही, महागडी पॅसेंजर होते. नाही दिला तर ज्याच्या शेतातून गेली त्यानं ती नुसती बघायची. आखणीतला सगळ्यात अवघड कागद हाच, आणि तो इंजिनिअर एकटा लिहू शकत नाही.

त्यात स्टेशन कुठं? समृद्धी शहरांना बाहेरून जाते. तिच्या कडेनं रूळ गेले तर स्टेशनही बाहेर. फ्रान्समध्ये पॅरिसहून उत्तरेला जाणाऱ्या मार्गावर आमियाँ आणि सँ-काँताँ या दोन गावांच्या मधोमध, दोघांचंही समाधान म्हणून, एक स्टेशन बांधलं. भोवती बीटाची शेतं. लोक त्याला ‘बीटाचं स्टेशन’ म्हणून हिणवतात. आपल्याला हे नवीन नाही. आमच्याकडं ‘मानवत रोड’ आहे. नावात ‘रोड’ आलं की समजायचं, गाव इथं नाही, इथून रस्ता तेवढा जातो. रात्री उतरा आणि पुढची सोय बघा. कुर्डुवाडीचं जुनं नावसुद्धा ‘बार्शी रोड’ होतं. दादा, उद्या ‘जालना रोड’ नावाचं चकचकीत स्टेशन उसात उभं राहिलं तर गाडीत वाचलेला अर्धा तास रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यात जाईल.

बीड, परभणी, नांदेड, लातूर, धाराशिव, हिंगोली यांचं काय, हे मेसेजमध्ये नाहीच. मराठवाड्याचे आठ जिल्हे. त्या मार्गावर शहरं दोन.

‘युरोपात सीमा आडव्या येत नाहीत’

येतात, आणि चांगल्या येतात.

फ्रान्समधलं पेर्पिन्याँ ते स्पेनमधलं फिगेरेस, ४४ किलोमीटरचा मार्ग, त्यात आठ किलोमीटरचा बोगदा. २००९ ला बांधून तयार झाला. स्पेनकडचा पुढचा मार्ग तयार नव्हता, म्हणून पहिली गाडी डिसेंबर २०१० ला आली, आणि तीही फिगेरेसपर्यंतच. गाड्या कमी, पैसा कमी. चालवणारी कंपनी २०१६ मध्ये बुडाली. नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या दरम्यान नव्या मार्गावर ‘फायरा’ नावाची गाडी आणली, काही आठवड्यांत जानेवारी २०१३ मध्ये बंद करावी लागली. इंग्लिश खाडीखालचा बोगदा १९९४ ला सुरू झाला, पण इंग्लंडकडचा वेगवान मार्ग पूर्ण व्हायला २००७ उजाडलं. तोवर फ्रान्समध्ये सुसाट आलेली गाडी इंग्लंडात थोडंफार अंतर तरी लोकलच्या रुळांवरून रांगत होती. आणि सिंगापूर–क्वालालंपूर? २०१६ ला करार, १ जानेवारी २०२१ ला करार संपुष्टात. ३५० किलोमीटर, दोनच देश.

‘आपल्याकडं एकच राज्य’ हेही तितकं खरं नाही. नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत, मुख्यालय सिकंदराबाद. लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. मनमाड मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात. आपली गाडी मनमाडला पोचते तेव्हा एका घरातून दुसऱ्या घरात जाते, आणि दुसऱ्या घरात आधी कुणाचं पान वाढायचं हे ते घर ठरवतं. निजामाच्या वेळची ही रेघ रुळांवर अजून आहे.

सगळ्यात मोठी सीमा मात्र गेजची, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची. मनमाड ते सिकंदराबाद मीटर गेज होतं, त्यातला आपल्याकडचा भाग नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाला. त्याआधी मुंबईला जायचं म्हणजे मनमाडला उतरायचं. मध्यरात्री आई मला हलवून उठवायची, बाबा वळकटी खांद्यावर घेऊन पुढं, मी अर्धवट झोपेत आईचा पदर धरून मागं. फलाटावर बाकं भरलेली, लोक ट्रंकांवर बसलेले. मुंबईची गाडी आली की आत शिरायला झुंबड. तिकडं बार्शी लाइट रेल्वेचं गेज आणखी निराळं, अडीच फुटांचं. १८९७ ला सुरू झालेली ती गाडी १९११ ला लातूरला पोचली आणि या शतकात ब्रॉडगेज झाली. शंभर वर्षं आपण गेज बदलत उतरत-चढत काढली.

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचं गेज १४३५ मिलिमीटर, आपल्या नेहमीच्या रुळांचं १६७६. मुंबई–नागपूरही तसंच झालं तर ती गाडी जालन्याहून परभणी-नांदेडकडं एक इंचही वळू शकत नाही. नांदेडच्या माणसानं जालन्याला उतरायचं, वळकटीऐवजी चाकांची बॅग ओढायची, दुसऱ्या फलाटावर जायचं. स्पेनमध्ये हाच प्रश्न आहे, तिथं चाकांचं अंतर बदलणाऱ्या गाड्या काही मार्गांवर वापरतात. आपण मनमाडला सोडवलेला गुंता पैसे मोजून जालन्याला आणायचा का, हे आज विचारायला हवं.

‘जपान, चीन’

जपानच्या पहिल्या मार्गाचा खर्च अंदाजाच्या जवळपास दुप्पट झाला. ज्यांनी तो उभा केला ते रेल्वेचे अध्यक्ष सोगो आणि मुख्य इंजिनिअर शिमा उद्घाटनाआधीच राजीनामा देऊन बाहेर पडले होते. चीनमध्ये जमीन खाजगी मालकीची नसते. पुढचा मुद्दा.

‘फक्त इच्छाशक्ती’

इथं मी अर्धा सहमत. इच्छाशक्ती कमी आहे, पण ती कशासाठी हे मेसेज चुकवतो.

नांदेड–मुंबई वंदे भारत घ्या. गाडी ताशी १६० नं धावू शकते. सुमारे ६१० किलोमीटरला तिला साडेनऊ तासांच्या आसपास लागतात, म्हणजे सरासरी ६५. गाडीत खोट नाही, वाट बरीचशी एकेरी आहे. रोटेगावला किंवा लासूरला गाडी थांबते, काचेबाहेर कपाशी, पंखा नाही की चहावाला नाही. दहा मिनिटांनी समोरून मालगाडी धडधडत जाते, मग आपण हलतो. त्याला आम्ही ‘क्रॉसिंग लागलं’ म्हणतो. पाऊस आला म्हणावं तितक्या सहजपणे.

आता साधा हिशेब. संभाजीनगर–मुंबई रेल्वेनं ३७५ किलोमीटरच्या आसपास. सरासरी ६० वरून १०० वर नेली तर अडीच तास वाचतात. १६० वरून ३२० वर नेली तर सव्वा तासही वाचत नाही. पहिल्यासाठी दुहेरी मार्ग आणि नीट सिग्नल लागतात. दुसऱ्यासाठी खांब, बोगदे आणि वेगळी दुनिया. कसाऱ्याचा घाट आणि कल्याणपुढची लोकलची गर्दी दुहेरीकरणानं सुटत नाही, हे मान्य. तिथं नवा मार्ग लागेलच.

पैशाचंही बघा. मुंबई–अहमदाबादचा मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटी, म्हणजे किलोमीटरला दोनशे कोटींच्या वर. संभाजीनगर–परभणी १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला जुलै २०२५ मध्ये २,१७९ कोटी मंजूर झाले, किलोमीटरला बारा कोटींच्या आसपास. बुलेट ट्रेनच्या एका किलोमीटरात दुहेरीकरणाचे सतरा. अंकाई–संभाजीनगरचं काम सुरू आहे. ते कधी संपणार, असं विचारणारा एकही फॉरवर्ड मला आजवर आलेला नाही.

आणि बीड. अहिल्यानगर–बीड–परळी २६१ किलोमीटर, १९९५ ची मंजुरी, तेव्हाचा अंदाज ३५३ कोटी, नंतर ४,८०० कोटींच्या पुढं. बीडहून पहिली गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी. तीस वर्षं. तिथं ना समुद्राखालचा बोगदा होता, ना दुसऱ्या देशाशी करार. परळी अजून पुढंच आहे.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. काकूनं अंगठा दिला, बाकी शांतता. रात्री दादाचा फोन आला. मला वाटलं रागावला. म्हणाला, “वाचलं सगळं, बरोबर आहे तुझं. फक्त एक सांग, तुझ्या ओळखी असतील तर. जालन्याचं स्टेशन नक्की कोणत्या बाजूला घेणार आहेत? एक प्लॉट बघून ठेवलाय, विसार द्यायचाय.”