रिसर्च गॅप

एमएला ‘ओल्ड इंग्लिश’चा, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीचा पेपर घे, असं सीनियर मुलींनी सुचवलं, कारण वाचायला कमी. खरंच कमी आहे. त्या काळातली टिकून राहिलेली सगळी इंग्रजी कविता मिळून भरते जेमतेम ३०,००० ओळी, आणि त्यातली बहुतेक चार हस्तलिखितांत. आपल्या एकट्या ज्ञानेश्वरीत नऊ हजार ओव्या. म्हटलं, गणपतीच्या सुट्टीत उरकेल.

कमी आहे ते मूळ. त्याच्यावर लिहिणारे मात्र दोनशे वर्षं थांबलेलेच नाहीत. आणि आमच्या गाईड मॅडमचा प्रश्न एकच, “तुझा रिसर्च गॅप काय?” हा गॅप ग्रंथालयात बसून शोधायचा असतो. म्हणजे कुणी काय लिहिलं नाही हे कळण्यासाठी, सगळ्यांनी काय लिहिलंय ते वाचायचं.

आधी ‘बेवुल्फ’ हे वीरकाव्य धरलं. ३,१८२ ओळी, जुनी प्रत एकच, तीही १७३१च्या आगीत कडेनं करपलेली. कवी कोण, पत्ता नाही. रचलं कधी? आठव्यापासून अकराव्यापर्यंत कुठलंही शतक घ्या, त्याच्या बाजूनं भांडणारा प्राध्यापक मिळतोच. एवढा अंधार म्हणजे गॅपच गॅप, असं वाटलं. तर १९३६ साली ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाले टोल्कीन व्याख्यान देऊन बसलेले, की विद्वान या काव्यात इतिहास उकरतात, कविता म्हणून ते कुणी वाचतच नाही. झालं! तोही गॅप गेला.

“अगं, विषय जरा आटोपशीर घे,” मॅडम म्हणाल्या.

मग एक्सेटर बुक, त्या चार हस्तलिखितांतलं एक. लिओफ्रिक नावाच्या बिशपनं ते इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या कॅथीड्रलला दिलं, अजून तिथंच आहे. बिशप १०७२ साली वारला आणि पुढं पुस्तकाचे हाल झाले. सुरुवातीच्या पानांवर सुरीच्या खुणा, पेला ठेवल्यासारखा गोल डाग, आणि शेवटची पानं जळून आरपार भोकं. अख्ख्या सेमिस्टरमध्ये डोळ्यांनी दिसलेला हा एकमेव गॅप. त्या भोकांत कुठले शब्द होते यावरही लोकांनी लिहून ठेवलंय.

या पुस्तकात नव्वदच्या वर कोडी आहेत. नक्की किती, यावर संपादकांचं एकमत नाही, आणि उत्तरं तर दिलेलीच नाहीत. गाईडं वाचून बारावी झालेल्या पिढीवर हा सरळ अन्याय आहे. एका कोड्यात एक कसर थोरामोठ्यांचे शब्द खाते आणि खाऊनही तिला तिळभर अक्कल येत नाही. हे कोडं मी दोनदा वाचलं आणि पान उलटलं. विषय निवडताना इतकं वैयक्तिक होऊ नये.

शेवटी कांदा सापडला. कोडं अकरा ओळींचं, उत्तर बहुतेकांच्या मते कांदा. आमचं घर लासलगावजवळ, त्यामुळे माझ्या शिक्षणात पहिल्यांदाच अप्पांना रस वाटला. “हजार वर्षांपूर्वी तिकडं कांदा होता? मग निर्यातबंदी होती का बघ. आणि वाचून दाखव की ते कोडं.”

इथं पंचाईत झाली. कोडं मुद्दाम चावट रचलेलं आहे. तो अंथरुणात ताठ उभा असतो, शेतकऱ्याची देखणी पोर येऊन त्याला पकडते, आणि शेवटी डोळा ओला होतो. उत्तर कांदा असलं तरी ऐकणाऱ्याचं मन कांद्यावर थांबत नाही, आणि हीच तर कोडं घालणाऱ्याची गंमत. अप्पांना मी सांगितलं, “रेंज जातेय.”

मॅडमना सिनॉप्सिस आवडला. फक्त लाल शाईत शेरा होता, विषय अजून व्यापक वाटतो, एखादीच ओळ घ्यावी. मी पाचवी घेतली आहे. त्यात कांदा आपण खालून कुठंतरी केसाळ असल्याचं सांगतो. सेमिनारला विभागप्रमुख येणार आहेत, आणि ‘पोरीचं भाषण’ म्हणून अप्पाही.